गरोदर बाईचे ताट: वाद कुठवर आला

दिल्लीत मराठी घरात कुणाला दिवस गेले की सल्ले तीन दिशांनी येतात. गावाहून सासूबाईंचा फोन येतो: "पपई तेवढी नको हं. अननसही नको. तीळ संक्रांतीला जिभेवर ठेवण्यापुरता, आणि वांगं वातूळ असतं." शेजारच्या आंटी खोबरे आणि खडीसाखर घेऊन दारात उभ्या असतात, कारण त्यांच्याकडे ती खाल्ली की बाळ गोरे होते असे मानतात. तिसरा सल्ला दवाखान्याच्या फायलीत असतो. त्या छापील कागदावर मऊ चीज, कच्चे मासे, अर्धकच्चे मांस यांवर फुल्या असतात. श्रीखंडाचे, उसळीचे किंवा कोपऱ्यावरच्या गोलगप्प्यांचे नाव त्यात नसते.

करोलबागेत सोन्याच्या गलाईच्या धंद्यानिमित्त वसलेले खानापूर-आटपाडीकडचे कुटुंब असो की नोएडातल्या कंपनीत नुकतीच बदली होऊन आलेले जोडपे, स्वयंपाकघरात प्रश्न एकच असतो: यातले खरे काय मानायचे? गेल्या शंभरेक वर्षांत त्याच्या काही भागांची चांगली उत्तरे मिळाली आहेत, काही भाग अजून अंधारात आहेत. आश्चर्य याचे की सर्वांत जास्त बोलणे होते ते बहुधा सर्वांत कमी धोक्याच्या पदार्थांबद्दल.

ग्रंथात काय आहे, काय नाही

'शास्त्रात सांगितलंय' हा घरगुती वादातला शेवटचा शब्द असतो. म्हणून शास्त्रापासूनच सुरुवात करणे बरे. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात गर्भिणीच्या आहाराची महिन्यागणिक योजना आहे. पहिल्या महिन्यात साधे दूध, पुढे औषधी घालून दूध, मग मध-तूप घातलेले दूध, मग लोणी, मग तूप, असा तो क्रम. सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते म्हणून गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटले आणि तिच्या इच्छा अपुऱ्या ठेवू नयेत असे सांगितले. 'डोहाळे' हा आपला शब्द याच कुळातला.

चरकाच्या त्याच अध्यायात गर्भाला घातक गोष्टींची यादीही आहे. तिथे एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'नित्या'. नेहमी गोडच खाणारी, नेहमी आंबटच खाणारी, नेहमी खारटच खाणारी, नेहमी मद्य घेणारी. एक मद्य सोडले तर आक्षेप पदार्थापेक्षा त्याच्या रोजच्या अतिरेकावर आहे. नेहमी गोड खाणाऱ्या आईच्या मुलाला प्रमेह होण्याचा इशारा तिथे दिलेला आहे. आजच्या गर्भावस्थेतील मधुमेहाशी त्याचा थेट संबंध जोडणे घाईचे होईल, पण निरीक्षणाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

पपई आणि अननस या यादीत असूच शकत नाहीत. दोन्ही झाडे मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाराच्या काळात, सोळाव्या शतकात, ती भारतात रुजली. म्हणजे सासूबाईंची मनाई संहितांनंतर दीड-दोन हजार वर्षांनी आलेल्या फळांवर आहे. त्यामुळे ती खोटी ठरत नाही. लोकांनी अनुभवातून नवे नियमही केलेले असतील. फक्त तिला ग्रंथाचा आधार देता येत नाही, अनुभवाच्या कसोटीवरच तिला तपासावे लागते. 'उष्ण' आणि 'थंड' ही विभागणीही प्रांताप्रांतात बदलते. एका घरी उष्ण म्हणून टाळलेला पदार्थ दुसऱ्या घरी बिनदिक्कत वाढला जातो.

गिरणी कामगार बायका आणि यीस्ट

आधुनिक बाजूची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली, ती गिरणी कामगार बायकांमध्ये गरोदरपणी होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचे कारण शोधायला. आधी संशय जंतूंवर होता. हाफकिन संस्थेत काम करताना तिने या बायकांचे जेवण पाहिले आणि तिचे लक्ष जंतूंवरून ताटाकडे वळले. ज्यांच्या जेवणात भाज्या, फळे, दूध जवळजवळ नव्हते त्यांनाच हा आजार गाठत होता. माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला, ती आजारी पडली. यीस्टचा अर्क दिला, ती सुधारली. बायकांवरही तोच उपाय लागू पडला. १९३१ साली तिने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. यीस्टमधला तो 'विल्स घटक' म्हणजेच फोलेट, हे पुढच्या दशकात कळले. आज प्रत्येक गर्भवतीला मिळणाऱ्या लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळीतला अर्धा भाग अशा रीतीने मुंबईच्या गिरणगावाची देणगी आहे.

विल्सच्या कामाने प्रश्नाचे रूप पालटले. तोवर चर्चा होती काय टाळावे याची. आता दुसराही प्रश्न उभा राहिला: ताटात काय नाही? आजच्या वादातले दोन मोठे पक्ष या दोन प्रश्नांभोवतीच उभे आहेत. एक धोक्यांची यादी करतो, दुसरा उणिवांची.

पपईचा खटला

यादीवाल्यांचा सर्वांत प्रसिद्ध आरोपी पपई. तिच्यावर प्रत्यक्ष प्रयोग झाला तो सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात. २००२ साली तो ब्रिटिश पोषण नियतकालिकात छापून आला. गाभण उंदरांना पिकलेली पपई खाऊ घातली तेव्हा लक्षणीय दुष्परिणाम दिसला नाही. कच्च्या पपईचा चीक मात्र वेगळा निघाला. प्रयोगशाळेत त्याने उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूंचे जोरदार आकुंचन घडवले. संशोधकांनी निष्कर्ष जपून मांडला: पिकलेले फळ नेहमीच्या प्रमाणात खाण्यात धोका दिसत नाही, कच्चे आणि अर्धकच्चे टाळावे.

दिल्लीत हा भेद महत्त्वाचा आहे, कारण इथे कच्ची पपई न दिसता पोटात जाते. मांस मऊ करायला कबाबाच्या मसाल्यात तिची पेस्ट घालतात. त्या चिकातले पपेन मांसातली प्रथिने तोडते. केकमधली आणि आइस्क्रीमवरची टूटीफ्रूटीही कच्च्या पपईची असते. नीट शिजल्यावर पपेनचा जोर ओसरतो, आणि टूटीफ्रूटीचे तुकडे पाकात उकळलेले असतात. तरीही शिजवलेल्या कच्च्या पपईचा गर्भवती स्त्रियांवर काय परिणाम होतो, हे माणसांमध्ये नीट मोजलेले नाही. म्हणून सासूबाई अर्ध्या बरोबर ठरतात: हिरवी पपई टाळण्याला आधार आहे, पिकलेली फोड फेकून देण्याला नाही. अननस आणि तीळ यांच्याविरुद्ध तर, जेवणात खातो त्या प्रमाणात, एवढाही पुरावा पुढे आलेला नाही.

दिल्लीचे पाणी

ज्या धोक्यावर घरातल्या चर्चेत सहसा कुणी बोट ठेवत नाही त्याचा सर्वांत मोठा दाखला दिल्लीचाच आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेच्या पुरानंतर नजफगढ नाल्याचे घाण पाणी उलट सरकून वजिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. जलशुद्धीकरण खात्याने क्लोरीन वाढवले, त्यामुळे नेहमीचे जिवाणू आटोक्यात राहिले. पण डिसेंबर आणि जानेवारीत शहरात काविळीची लाट आली. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. बहुतेक बरे झाले. गर्भवतींमध्ये मात्र मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते.

त्या वेळी ही साधी संसर्गजन्य कावीळ समजली गेली. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० च्या सुमारास तपासले तेव्हा तो हिपॅटायटिस 'ए' नव्हता हे कळले. ज्या विषाणूला आज आपण हिपॅटायटिस 'ई' म्हणतो त्याची पहिली मोठी नोंद म्हणून दिल्लीची ती साथ आता वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गर्भारपणाच्या तिसऱ्या तिमाहीत हा संसर्ग झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. या विषाणूवरील लस २०११ साली चीनमध्ये परवान्याने आली आणि २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधील विस्थापितांच्या छावणीत, गर्भवतींसह, वापरली गेली. भारतात गर्भवतींना ती देण्याची पद्धत नाही.

म्हणजे गोलगप्प्याच्या पुरीत धोका नाही, चिंच-पुदिन्यातही नाही. धोका आहे माठातल्या पाण्यात आणि त्यात बुडणाऱ्या हातात. हेच उसाच्या रसातल्या बर्फाला, कापून ठेवलेल्या कलिंगडाला आणि रस्त्याकडेच्या कच्च्या कांद्या-मुळ्याला लागू पडते. डोहाळे लागले तर घरी उकळून गार केलेल्या पाण्यात पुदिना-चिंच कालवून तीच चव देता येते. दिल्लीत अनेक घरी तसे केलेही जाते.

पाण्याचा दुसरा पैलू भाज्यांतून येतो. यमुनेच्या पूरपट्ट्यात पालक, मुळा, फुलकोबी पिकतो. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये नदी स्वच्छ होईपर्यंत तिथे खाण्याची पिके घ्यायला बंदी केली. पुढे नागपूरच्या नीरी संस्थेच्या तपासणीत तिथल्या भाज्यांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळले. शिसे आईच्या रक्तातून बाळापर्यंत जाते, आणि भाजी धुतल्याने पेशींत शिरलेले शिसे निघत नाही. शेतकरी म्हणतात, आमचे पोट याच जमिनीवर आहे. पोषणतज्ज्ञ म्हणतात, पालेभाजी बंद करणे हा उपाय होऊच शकत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. ग्राहकाला मात्र मंडईत उभे राहून जुडी कुठल्या शेतातून आली हे सांगणारा कोणी नसतो.

दुधाचे चित्र अपेक्षेहून बरे आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ नमुने तपासले. भेसळीची इतकी भीती, पण प्रत्यक्ष भेसळीमुळे घातक ठरलेले नमुने फक्त १२ निघाले. खरी चिंता अफ्लाटॉक्सिनची होती: बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून दुधात उतरणारे हे विष ५.७ टक्के नमुन्यांत मर्यादेपलीकडे होते, आणि त्यात सर्वांत वरच्या तीन राज्यांत दिल्ली होती. दूध उकळल्याने जिवाणू मरतात, अफ्लाटॉक्सिन जात नाही. त्याचा बंदोबस्त गोठ्यातच व्हायला हवा.

परक्या याद्या, आपले पदार्थ

डॉक्टरांच्या छापील यादीमागेही खऱ्या घटना आहेत. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात मेक्सिकन पद्धतीच्या मऊ चीजमधून लिस्टेरिया पसरला. १४२ रुग्णांपैकी ९३ प्रकरणे गर्भवती आणि नवजात बाळांची होती. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मांसाच्या तयार पदार्थामुळे हजाराहून अधिक जणांना हा संसर्ग झाला. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, म्हणून शिळे-गार ठेवलेले अन्न त्याला मानवते. पण यादी भाषांतर करून लावली की गोंधळ होतो. पनीर मऊ चीजच्या रकान्यात पडते का? ते उकळत्या दुधापासून बनते, म्हणजे मूळ टप्प्यावर जिवाणू मरतात. संसर्ग नंतर होतो, दुकानातल्या उघड्या परातीत आणि पाण्याच्या हंड्यात. भाजीत उकळवून खाल्ले तर हरकत नाही, कच्चे तुकडे सॅलडमध्ये घातले तर आहे.

मोड आलेल्या कडधान्यांचेही असेच. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या जिवाणूने पन्नासच्या आसपास बळी घेतले, तेव्हापासून पाश्चात्त्य याद्यांत कच्च्या मोडांवर ठळक फुली असते. मटकी मराठी घरात उसळ होऊनच ताटात येते. फोडणी, वाफ, शिजणे: नियम पाळला गेला तो यादी न वाचता. व्यायामशाळेच्या सल्ल्याने कच्चे मोड चावणाऱ्यांना तो सांगावा लागेल.

माशांबाबत मतभेद खोल आहेत. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. अमेरिकेच्या सल्ल्यात गर्भवतींनी शार्क, स्वोर्डफिश आणि किंग मॅकरेल टाळावेत, पण कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला दोन-तीनदा जरूर खावेत असे दोन्ही एकत्र सांगितले आहे. कारण २००७ साली ब्रिस्टॉलच्या मोठ्या अभ्यासाने उलटा इशारा दिला होता: आठवड्याला ३४० ग्रॅमहून कमी मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांची भाषिक बुद्धिमत्तेची कामगिरी कमी भरली. आता दिल्लीच्या आयएनए मार्केटमध्ये मासे घेणाऱ्या कोकणी-गोवेकर घरापुढे पेच असा की सुरमई ही त्या किंग मॅकरेलच्याच कुळातली, पण दुसऱ्या समुद्रातली दुसरी जात. अमेरिकेचे आकडे तिला जसेच्या तसे लावणे बरोबर नाही आणि बेफिकीर राहणेही नाही. मोरी शार्कच्याच कुळातली, ती टाळलेली बरी. बांगडा, तारली ही छोटी मासळी अन्नसाखळीत खाली असते आणि बाळाच्या मेंदूला लागणारी स्निग्धाम्ले तिच्यात भरपूर असतात. ती खाण्यात शंका घ्यायचे कारण दिसत नाही.

याद्या बदलतात, हेही लक्षात ठेवावे लागते. ब्रिटनने १९९८ मध्ये ॲलर्जीचा इतिहास असलेल्या घरांतील गर्भवतींना शेंगदाणे टाळायला सांगितले आणि २००९ मध्ये तो सल्ला मागे घेतला, कारण त्याला आधार सापडला नाही. मधल्या काळात शेंगदाण्याचे कूट सोडलेल्या किती बायका प्रथिनाला मुकल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

चहा

दिल्लीचा हिवाळा आणि दिवसाला पाच कप चहा. कॅफिनवर तज्ज्ञांचे एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ३०० मिलिग्रॅमची सीमा धरते, अमेरिकी प्रसूतितज्ज्ञ २०० ची. २०२० मधल्या एका आढाव्याने तर सुरक्षित प्रमाण असे काही नाहीच असे म्हटले, आणि त्यावर बराच वाद झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. म्हणजे दोन-तीन कप या दोन्ही सीमांत बसतात. भारतीय गर्भवतीसाठी मोठा प्रश्न चहातल्या टॅनिनचा आहे, कारण ते लोह शोषू देत नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा, असे तीच तत्त्वे सांगतात. लोहाची गोळी चहाबरोबर घेणे म्हणजे गोळी वाया घालवणे.

दिल्लीतील पुस्तिका

जून २०१७ मध्ये केंद्रीय आयुष मंत्रालयाची माता-बाल संगोपनाची पुस्तिका गाजली. गोव्याचे श्रीपाद नाईक तेव्हा मंत्री होते. गर्भवतीने चहा-कॉफी, साखर, मैदा, तळलेले पदार्थ यांबरोबरच अंडी आणि मांस टाळावे, वासना आणि क्रोधापासून दूर राहावे, असा सल्ला तिच्यात होता. टीकाकार डॉक्टरांचे म्हणणे, रक्त कमी असलेल्या देशात लोह आणि बी-१२ चा सर्वांत सहज शोषला जाणारा स्रोत काढून घेणे धोक्याचे आहे. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे, पुस्तिका योग-निसर्गोपचाराच्या परंपरेतली आहे, काही वर्षे जुनी आहे, आणि सल्ला सक्ती नव्हे. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा झाला. पण शाकाहारी गर्भवतीने बी-१२ कुठून मिळवावे हा कामाचा प्रश्न त्यात हरवला.

महाराष्ट्राने याच काळात वेगळी वाट घेतली होती. २०१५ च्या अखेरीस सुरू झालेल्या डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक पूर्ण गरम जेवण दिले जाऊ लागले.

ताटात काय नाही

उणिवांचा पक्ष भक्कम आकड्यांवर उभा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. आधीच्या पाहणीत ५०.४ टक्के होता. लोहाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू असूनही ही गत आहे. यात दुसरी एक सवय भर घालते. दक्षिण कन्नड जिल्ह्यात मार्क आणि मिमी निक्टर यांनी १९८० च्या दशकात नोंदवले की अनेक स्त्रिया गरोदरपणी मुद्दाम कमी जेवत, कारण पोटात अन्न आणि बाळ एकाच जागेसाठी भांडतात, किंवा बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाते, अशी त्यांची समजूत होती. आपल्याकडच्या 'पोटभर नको, बाळ दाबलं जाईल' या वाक्यात तीच भीती आहे. भाजलेली माती, खडू, पाटीवरची पेन्सिल चघळण्याचे डोहाळेही अनेकदा लोहाच्या कमतरतेची खूण असतात. त्यावर रागावण्यापेक्षा रक्त तपासणे उपयोगाचे.

काय खाल्ल्याने फायदा होतो, यावरचे सर्वांत महत्त्वाचे काम मराठी मुलखातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी जास्त जवळचा संबंध दिसला. आणखी एक अनपेक्षित गोष्ट निघाली: बहुसंख्य स्त्रियांमध्ये बी-१२ कमी होते, आणि बी-१२ कमी पण फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. ल्युसी विल्सची देणगी एकटी दिली तर पुरत नाही, असा त्याचा अर्थ निघू शकतो. तो कितपत ताणायचा यावर मतभेद आहेत.

संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यात फरक असतो. म्हणून मुंबईत डॉ. रमेश पोतदार आणि साउथॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या गटाने प्रयोगच केला. वस्त्यांतल्या ६,५०० हून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळे, दूध होते, निम्म्यांच्या खाऊत कमी पोषणाच्या भाज्या. प्रयोगाच्या निकालांनी दोन्ही पक्षांना विचारात पाडले. सरसकट पाहिले तर बाळाच्या वजनात फरक नव्हता. गर्भधारणेआधी तीन महिने तरी खाऊ घेतलेल्यांच्या बाळांचे वजन सुमारे ४८ ग्रॅमने जास्त भरले. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण मात्र पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के निघाले. पालेभाजीचा लाभ ज्या ठिकाणी शोधत होते त्याहून वेगळ्या ठिकाणी सापडला, आणि तो दिवस जाण्याच्या आधीच सुरू होतो.

जे उरले आहे

सुरमईतल्या पाऱ्याचे गर्भवतींसाठीचे भारतीय प्रमाण, शिजलेल्या कच्च्या पपईचा प्रश्न, शाकाहारी घरात बी-१२ ची गोळी सर्वांना द्यावी की तपासून द्यावी, फोलिक ॲसिडची मात्रा किती असावी: हे मुद्दे उघडे आहेत. याज्ञिकांच्या गटाने २०१२ मध्ये पुण्याच्या गावांत किशोरवयीन मुलामुलींना बी-१२ देण्याचा प्रयोग सुरू केला, तो याच उत्तरांच्या शोधात.

दिल्लीच्या कुशीत आणखी एक मोठे काम चालू आहे. फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने गुरुग्रामच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये २०१५ साली 'गर्भिणी' हा अभ्यास सुरू केला. हजारो स्त्रियांच्या गर्भारपणाची पहिल्या महिन्यांपासून नोंद तिथे होते; मुख्य प्रश्न आहे अकाली प्रसूतीचा. आजवर दिल्लीकर गर्भवतीच्या हाती आलेली जवळजवळ प्रत्येक यादी दुसऱ्या कुठल्यातरी देशातल्या बायकांच्या जेवणावरून काढलेली होती. इथे नोंदवल्या जाणाऱ्या बायका गुरुग्राम आणि आसपासच्या वस्त्यांतल्या, इथलेच पाणी पिणाऱ्या आणि इथल्याच मंडईतली भाजी खाणाऱ्या आहेत.